सभेची वेळ सकाळी अकरा

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे घरी आलेला प्रत्येक सरकारी कागद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी असाच एक कागद माझा धाकटा भाऊ दप्तरातून घेऊन आला. शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा मंगळवारी सकाळी अकरा वाजता होती आणि समितीची सदस्य म्हणून आईला बोलावणे होते. आई सदस्य आहे हे मला ठाऊकच नव्हते. तिलाही ते अर्धेच ठाऊक होते. पावसाळ्यात पालकसभेत कोणीतरी तिचे नाव सुचविले आणि तिने मान डोलावली, एवढेच.

ही समिती म्हणजे काय, हे मी आमच्या ग्रंथालयात बसून वाचले. ते येथे थोडक्यात सांगते.

पूर्वी १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाप्रमाणे शाळांचा कारभार पाहण्यासाठी शाळामंडळे असत. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्यातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. कारभार पाहणारे बदलले, पण आईबाप मात्र शाळेच्या दारापर्यंतच राहिले. दाराच्या आत त्यांना जागा दिली ती बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमाने. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक आणि सहा स्त्रिया. अध्यक्ष पालकांमधून निवडायचा आणि मुख्याध्यापकांनी सचिव व्हायचे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, आलेले अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. तेथून निघालेली वाट अशी माझ्या आईच्या नावापर्यंत येऊन पोहोचली, याचे मला फार अप्रूप वाटले.

परंतु सभेची वेळ होती सकाळी अकराची! आम्ही चौकचे राहणारे. उत्तनच्या पुढे, वसईच्या खाडीच्या तोंडाशी आमचे गाव. होड्या किनाऱ्याला लागल्या की बायका म्हावरं घेऊन भाईंदरचा बाजार गाठतात. अकराला गिऱ्हाईक ऐन भरात असते. त्या दिवशी आईने आपली पाटी मामीच्या हवाली केली, धुतलेले लुगडे नेसली आणि मला म्हणाली, "तू चल. मला वाचता कुठं येतंय?" मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी तिच्या मागे बसले.

नऊ पालकांपैकी चौघे आले होते. स्त्री एकटी आईच. प्रथम मागील सभेचे इतिवृत्त वाचले गेले. पिण्याच्या पाण्याची टाकी साफ झाल्याचे सदस्यांनी प्रत्यक्ष पाहिले, असे त्यात लिहिले होते. खाली सह्या होत्या आणि त्यांत आईचीही एक होती. तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाची, एकेक अक्षर सुटे काढलेली. वही घरी आली होती आणि खिचडीसाठी सही लागते असे समजून तिने ती केली होती. मी तिच्या कानाशी ते वाक्य हळूच सांगितले. ती उभी राहिली.

"सही माझीच हाय," ती म्हणाली, "पण टाकी मी बघितली नाय."

क्षणभर कोणीच बोलले नाही. मला वाटले, आता सर रागावणार. पण ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, सभेला कोणी येत नाही आणि अहवाल तर पाठवावाच लागतो. मी काय करू?" हेही खोटे नव्हते. मासेमारीबंदीच्या काळात बायका घरी असतात, तेव्हा खोली भरते. होड्या सुटल्या की ती रिकामी होते. शाळेचे वेळापत्रक एक आणि समुद्राचे दुसरे, आणि या दोन वेळापत्रकांच्या फटीत त्या खोट्या सह्या जमा झाल्या होत्या.

मग आम्ही सगळे उठून टाकी पाहायला गेलो. झाकण तुटलेले होते आणि तळाशी पाला होता. आईने तो सर्वांना दाखविला. त्या दिवसाच्या इतिवृत्तात 'टाकी साफ करून नवे झाकण बसवावे' असे लिहिले गेले आणि आईच्या सूचनेवरून पुढील सभा दुपारी साडेचारला ठरली. पुढच्या सभेला पाच स्त्रिया आल्या. त्यानंतरच्या सभेला मात्र दोनच, कारण त्या आठवड्यात म्हावरं चांगले पडले होते. वेळ बदलली म्हणून सारे बदलले, असे मी म्हणणार नाही. मात्र वही आता घरी येत नाही, आणि टाकीवर झाकण आहे.

राज्यशास्त्राच्या तासाला आपण सहभाग हा शब्द पुष्कळदा ऐकतो. तो कायद्यात लिहिला की झाला, असा माझा समज होता. कायद्याने आईला खुर्ची दिली होती, पण ती खुर्ची ज्या घटकेला मांडली जात होती त्या घटकेला आई बाजारात होती. कोणतीही सभा कोणाची आहे हे विषयपत्रिकेवरून कळत नाही, ते तिच्या वेळेवरून कळते.

आपल्यापैकी पुष्कळांची भावंडे अशाच शाळांत शिकतात. मित्रमैत्रिणींनो, एकदा आपल्या आईवडिलांबरोबर त्या सभेला जाऊन बसा. तेथे आपण बोलण्याची गरज नाही. सहीच्या वर काय लिहिले आहे, तेवढे त्यांना वाचून दाखवा. पुढचे त्यांना बरोबर सुचते.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला