ताबा घेण्यापूर्वीची गृहतपासणी

घर विकत घेण्यापूर्वी किंवा नव्या सदनिकेचा ताबा स्वीकारण्यापूर्वी बांधकामातील दोष स्वतंत्र अभियंत्याकडून पाहून घेणे, म्हणजे गृहतपासणी. मात्र कागदपत्रांसाठी वकील नेमणारे कितीतरी खरेदीदार भिंतींच्या बाबतीत अजूनही रंगाच्या ताजेपणावरच विसंबतात.

तपासनीस लाद्यांवर धातूची दांडी ठोकत जातो, कारण खाली माल नीट भरलेला नसेल तिथे आवाज पोकळ येतो आणि ती लादी पुढे सुटण्याची शक्यता असते. ओलावामापक यंत्र रंगाआड लपलेली ओल दाखवते. न्हाणीघरात पाणी सोडून उतार जाळीकडे आहे की दाराकडे, हे पाहिले जाते. अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हेही तपासले जातात.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला संरचनेचा किंवा कारागिरीचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो, म्हणून छायाचित्रांसह अहवाल हाती असणे मोलाचे ठरते. जुन्या घराला हे कवच सहसा नसते; तिथे सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या परीक्षणाचा, अहवाल मागावा.

तपासनीस मात्र विकासकाने किंवा दलालाने सुचवलेला नसावा.