पुरुषांच्या शरीरातील लोहसाठा आणि मेद

रक्तक्षय हा स्त्रिया व बालके यांचा प्रश्न, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा समज निराधार नसला तरी अपुरा आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २५ टक्के पुरुषांना रक्तक्षय होता; तर सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर होते. एक खूण उणिवेची, दुसरी सुबत्तेची. तरीही या दोन्ही गोष्टी एकाच देहात नांदू शकतात.

प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारणतः ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असते. राखीव साठा मुख्यतः यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथे असतो. नव्या तांबड्या पेशी घडविण्यासाठी दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. आहारातून त्यापैकी जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम मिळते. बाकीचे जुन्या पेशी मोडून परत मिळविले जाते. जादा लोह उत्सर्जित करण्याची खास व्यवस्था शरीरापाशी नाही. म्हणून नियंत्रण असते ते लोह आत घेण्यावर आणि साठ्यातून सोडण्यावर. यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक ते काम करते. हेपसिडिन वाढले की आतड्यातून होणारे लोहाचे शोषण घटते आणि साठ्यातील लोहही अडून राहते.

येथेच मेदाचा संबंध येतो. पोटात साठलेली चरबी निष्क्रिय नसते. तिच्यामुळे शरीरात मंद दाह चालू राहतो आणि त्या दाहाने हेपसिडिन वाढते. कोठारात धान्य आहे, पण दाराला कुलूप आहे, अशी ही स्थिती होय.

लोहसाठा अजमावण्यासाठी रक्तातील फेरिटिन मोजतात. परंतु दाहामुळेही फेरिटिन वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी लोहन्यूनतेची मर्यादा लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम, तर संसर्ग वा दाह असताना ७० मायक्रोग्रॅम अशी वेगवेगळी ठरविली. एखाद्या पुरुषाचे फेरिटिन ६० असेल, तर त्याच्या शरीरात दाह आहे की नाही यावर त्या आकड्याचा अर्थ अवलंबून राहील.

याची दुसरी बाजूही आहे. स्थूल, मधुमेही किंवा यकृतात चरबी साठलेल्या पुरुषांत फेरिटिन २०० च्या वर गेलेले अनेकदा आढळते. काहींच्या यकृतात लोह खरोखरच थोडे अधिक असते. फ्रान्समधील वैद्यांनी १९९७ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. मद्यपानानेही फेरिटिन वाढते. अशा व्यक्तीने थकवा आला म्हणून लोहाचे टॉनिक परस्पर घेणे अनुचित ठरेल.

तेव्हा हिमोग्लोबिन १३ ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या पुरुषाने, तो कृश असो वा स्थूल, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. जंतांचा प्रादुर्भाव आणि मूळव्याधीसारखा रक्तस्राव ही कारणेही तपासून पाहणे अगत्याचे आहे. कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर असेल, तर आहारनियमन व नियमित श्रम यांची जोड हवी. चरबी उतरली की दाह ओसरतो आणि लोहाची वाट मोकळी होऊ लागते.

‘अॅनिमिया मुक्त भारत’ या २०१८ मधील कार्यक्रमाच्या लाभार्थी गटांत प्रौढ पुरुषांचा समावेश नव्हता. म्हणूनच गावातील आरोग्य शिबिरात माता-बालकांबरोबर पुरुषांचेही रक्त तपासले जाईल, हे पंचायत सदस्य व शिक्षक यांनी आवर्जून पाहावे. भरदार देह हा भरल्या रक्ताचा पुरावा नव्हे.