सर्व्हर बंद असताना ई-मेल जाते कुठे?

समजा, तुमच्या शाळेची ई-मेल स्वीकारणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, शाळेतच ठेवलेला आहे. पावसाळ्यातल्या एका रात्री वीज गेली व तो बंद पडला. नेमके त्याच वेळी परीक्षा मंडळाने शाळेला एक तातडीचे पत्र ई-मेलने पाठविले. ते पत्र हरवेल काय? बहुधा नाही. मात्र त्यामागची योजना समजून घेण्याजोगी आहे.

नावांची नोंदवही

इंटरनेटवरील संगणक एकमेकांना अंकी पत्त्याने गाठतात. माणसाला मात्र नावे लक्षात ठेवणे सोपे जाते. आरंभीच्या काळात सर्व नावे व पत्ते एकाच यादीत असत आणि ती अमेरिकेतील एका संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले तशी ती यादी अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टीम, म्हणजेच 'डीएनएस', ही पद्धत मांडली. ही जणू जगभर वाटून ठेवलेली एक नोंदवहीच होय.

या वहीत केवळ टपालासाठी असलेल्या नोंदीला 'एमएक्स', म्हणजे मेल एक्स्चेंजर, म्हणतात. तिच्या आधारे पत्र कोणत्या वाटेने न्यावे, याचे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी जानेवारी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले.

लहान आकडा आधी

आपल्या शाळेच्या नोंदी अशा आहेत असे मानू:

शाळा.उदाहरण – एमएक्स – १० – टपाल१.शाळा.उदाहरण
शाळा.उदाहरण – एमएक्स – २० – टपाल२.शाळा.उदाहरण

येथे १० व २० हे पसंतीक्रम आहेत. पत्र पाठविणारा सर्व्हर प्रथम लहान आकड्याचे दार ठोठावतो. तेथून उत्तर आले नाही, तर तो २० क्रमांकाच्या राखीव सर्व्हरकडे वळतो. दोन्ही आकडे सारखे असतील, तर त्यांतला कोणताही एक निवडतो.

राखीव सर्व्हर पत्र जपून ठेवतो व मुख्य सर्व्हर सुरू होताच ते त्याच्याकडे पोहोचवितो. तोवर हे पत्र तो पुन्हा स्वतःलाच का पाठवीत नाही? कारण स्वतःच्या क्रमांकाच्या व त्याहून मोठ्या क्रमांकाच्या नोंदी त्याने वगळायच्या, असा नियम आहे. पाणी जसे उताराकडेच वाहते, तसे पत्र लहान आकड्याकडेच सरकते.

राखीव सर्व्हर नसेल तर?

तरीही पत्र लगेच नष्ट होत नाही. पाठविणारा सर्व्हर ते रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि ४-५ दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असे टपालाचे नियम सुचवितात. नंतर मात्र पत्र न पोहोचल्याचे प्रेषकाला कळविले जाते. म्हणजे एका रात्रीच्या अंधाराला भिण्याचे कारण नाही. पण पूर आला आणि शाळा आठवडाभर बंद राहिली, तर? पत्रे किती दिवस सांभाळायची हे आपल्या राखीव सर्व्हरवर आपण ठरवू शकतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर नाही.

नावापुरता राखीव नको

दोन दिवे समांतर जोडणीत असले, तर एक गेला तरी दुसरा जळत राहतो. पण घटच संपला तर दोन्ही विझतात! तसेच दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच विजेवर असतील, तर २० क्रमांकाच्या नोंदीचा उपयोग काय? राखीव सर्व्हर दूर, वेगळ्या जागी हवा.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. नको असलेली पत्रे पाठविणारे लोक मुद्दाम मोठ्या आकड्याचे दार ठोठावतात. तेथील पहारा ढिला असेल, असा त्यांचा होरा असतो. शाळेत कोणाकोणाची खाती आहेत हे राखीव सर्व्हरला ठाऊक नसेल, तर तो नसलेल्या माणसांचीही पत्रे घेतो. मग ती परत पाठविताना, ज्याचे नाव खोटेपणाने 'प्रेषक' म्हणून घातलेले असते, अशा निरपराध माणसाला त्रास होतो. असा निष्काळजी राखीव सर्व्हर असण्यापेक्षा नसलेला बरा.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने 'एनएसलुकअप' ही आज्ञा वापरा व तुमच्या माहितीतील एखाद्या संस्थेच्या एमएक्स नोंदी मागवा. नोंदी किती आहेत? सर्वांत लहान आकडा कोणता? आकडे सारखे आढळले, तर तेथे 'मुख्य' कोण आणि 'राखीव' कोण, याचा विचार करा.