उंदीर मारणारे आणि पोसणारे

महापालिकेचे मूषकसंहारक रात्री काठी व विजेरी घेऊन मुंबईच्या गल्लीबोळांतून हिंडतात. काम किळसवाणे खरे. पण ते करणाऱ्यांविषयी आम्हांस आदरच वाटतो. आमचा रोष आहे तो खिडकीतून घरगल्लीत शिळे अन्न भिरकावणाऱ्या सुशिक्षित बिऱ्हाडकरूंवर. अन्न आणि आडोसा कायम राहिला, तर मारलेल्या उंदरांची जागा काही महिन्यांतच भरून निघते. 1896 साली मांडवीत प्लेग उद्भवला, तेव्हा उंदरावरील पिसू रोग पसरविते हे सिद्ध झालेले नव्हते. 2005 च्या जुलैतील महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली, तेव्हा ती सबब उरली नव्हती. उंदराच्या पिलास अर्ध्या इंचाची फट पुरते. मोरीला जाळी बसविणे, नळाभोवतीची भोके काचांचा चुरा घातलेल्या सिमेंटने बुजविणे, यास खर्च तो कितीसा? परंतु सोसायटीच्या सभेत दर्शनी भिंतीच्या रंगावर दोन तास खल होतो आणि घरगल्लीचा विषय निघताच मंडळी उठू लागतात! त्या चिखलात उतरावे लागते ते सफाई कामगाराला. आणि उंदराच्या मुतातील जंतू शिरतात ते त्याच्या पायाच्या भेगांतून.