आजी, हॉस्पिटलला किती स्टार?

गावाकडच्या दवाखान्याला ‘उत्तम रुग्णसेवे’चं सर्टिफिकेट मिळतं, तेव्हा नेमकं काय तपासलेलं असतं? आणि पेशंटलाच विचारलं, तर त्याची यादी काय असते? गडचिरोलीतल्या एका दवाखान्यानं ती यादी आधी मागितली आणि इमारत नंतर बांधली!

पिझ्झा दहा मिनिटं उशिरा आला तर आपण काय करतो? मोबाइल काढतो, दोन स्टार ठोकतो आणि मोकळे होतो. कॅबवाल्यानं एसी लावला नाही, एक स्टार कट! ऑफिसात तर वर्षभर फीडबॅकच चालू असतो. क्लायंटचा फीडबॅक, बॉसचा फीडबॅक, अप्रेझलच्या आधीचा गोड आणि नंतरचा कडू.

आता जरा गावाकडच्या आजीला आठवा. दुखरे गुडघे घेऊन ती एसटीनं तालुक्याच्या दवाखान्यात जाते. केसपेपर काढते, रांगेत बसते, दोन मिनिटांत तपासून होतं, गोळ्या हातात पडतात. संध्याकाळी आपण फोनवर विचारतो, ‘‘काय म्हणाले डॉक्टर?’’ ती म्हणते, ‘‘काय म्हणायचंय? गोळ्या दिल्या.’’ विषय संपला. दवाखान्याला किती स्टार, हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारलेलाच नसतो.

पण आजीकडेही तिची रेटिंग सिस्टिम असते, बरं का! ती स्टार देत नाही. ती पुन्हा जातच नाही. पिझ्झावाल्याचं अशानं फार तर एक गिऱ्हाईक जातं. दवाखान्याच्या बाबतीत मात्र ‘पुन्हा न जाण्याची’ किंमत पेशंट स्वतः मोजतो, कधी कधी जीव देऊन.

परीक्षा, पण दवाखान्याची!

सरकारी दवाखान्यांचीही परीक्षा होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? २०१५ साली केंद्र सरकारनं ‘कायाकल्प’ ही बक्षीस योजना सुरू केली. स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट, जंतुसंसर्ग रोखायची व्यवस्था अशा गोष्टींना मार्क. आधी दवाखाना स्वतःच स्वतःला तपासतो, मग दुसऱ्या दवाखान्याची टीम येते आणि शेवटी बाहेरचे तपासनीस. बक्षिसाच्या शर्यतीत राहायचं तर ७० टक्के हवेतच. म्हणजे काठावर पास होऊन भागत नाही.

याहून कठीण पेपर म्हणजे ‘एनक्यूएएस’, अर्थात राष्ट्रीय गुणवत्ता मानकं. ही २०१३ साली आली. यात आठ विषय आहेत. कोणत्या सेवा मिळतात, रुग्णांचे हक्क पाळले जातात का, जागा-माणसं-औषधं पुरेशी आहेत का, कपडे धुण्यापासून जेवणापर्यंतची कामं नीट होतात का, प्रत्यक्ष उपचार कसे, संसर्ग आटोक्यात आहे का, गुणवत्ता टिकवायची काही पद्धत आहे का आणि या सगळ्याचा निकाल काय. सर्टिफिकेट तीन वर्षांचं. त्यानंतर पुन्हा परीक्षा!

तीसेक खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला हे जमवायचं म्हणजे गंमत नाही. मैदानी भागात अशा एका रुग्णालयावर साधारण १ लाख २० हजार माणसांचा भार असावा असं गणित आहे, आदिवासी आणि डोंगराळ भागात ८० हजारांचा. आपल्या ऑफिसात एक जण सुट्टीवर गेला तर अख्खी टीम बोंबलते. तिथे एक डॉक्टर नसला तर काय होत असेल, विचार करा. त्यामुळे एखाद्या आडगावच्या दवाखान्याच्या भिंतीवर हे सर्टिफिकेट दिसलं, तर मनातल्या मनात एक टाळी वाजवायला हरकत नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. हा पेपर सेट कोणी केला? तज्ज्ञांनी. पेशंटनं सेट केला असता तर?

‘हे आम्ही कुठे मागितलं होतं?’

याचं उत्तर शोधायला चला गडचिरोलीला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ही नावं तुम्ही ऐकलेली असणारच. दोघंही नागपूरला शिकलेले एमडी. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. तिथे करिअर करता आलं असतं. पण १९८६ साली दोघं थेट गडचिरोलीत येऊन थडकले आणि ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता.

सुरुवातीलाच एक झटका बसला. त्यांनी सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन केलं. हा आजार इथल्या आदिवासींमध्ये आहे, हे सिद्ध झालं. संशोधन म्हणून एकदम सही! पण ज्यांच्यासाठी केलं, त्या लोकांना हा आपला प्रश्न वाटतच नव्हता. त्यांची दुखणी वेगळी होती. संशोधन डॉक्टरांच्या कुतूहलातून झालं होतं, लोकांच्या गरजेतून नाही. ही कबुली डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे दिली. भल्याभल्या मॅनेजरना जमत नाही ते!

तेव्हापासून पद्धत ठरली. आधी विचारायचं, मग करायचं.

विचारल्यावर काय काय बाहेर येतं, याचा एक नमुना बघा. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा कोणता ना कोणता त्रास होता आणि त्यासाठी याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं आणि जगभरचे डॉक्टर दचकले. बायका दुखणं अंगावर काढत होत्या, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

पांढऱ्या कपड्यांची भीती

मग हाच प्रश्न दवाखान्याबद्दल विचारला गेला. बाबांनो, आजारी पडूनही तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात का जात नाही?

आपल्याला वाटेल, उत्तर येणार पैसे किंवा अंतर. लोकांनी सांगितलं ते भलतंच होतं. इमारत एवढी मोठी की आत गेलं की वाट चुकते. बोलतात ती भाषा कळत नाही. पेशंटला आत ठेवून घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. आपलं माणूस अनोळखी लोकांत एकटं कसं सोडायचं? डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात, आणि पांढरं कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो! शिवाय जिथे देवच नाही, तिथे माणूस बरा कसा होणार?

हसू नका. आपणही मोठ्या हॉस्पिटलात गेलो की ‘बिलिंग काउंटर कुठे, लिफ्ट कुठली’ करत गरगरतोच की. फरक इतकाच, की आपण चौकशीच्या खिडकीवर जाऊन भांडू शकतो.

‘सर्च’नं ही यादी अंधश्रद्धा म्हणून फेकून दिली नाही. तिचाच नकाशा केला! गडचिरोली शहरापासून काही किलोमीटरवर, धानोऱ्याच्या रस्त्याला ‘शोधग्राम’ उभं राहिलं. तिथला दवाखाना मोठ्या इमारतीसारखा दिसत नाही. पाड्यावरच्या घरांसारखी छोटी छोटी बैठी घरं, भोवती झाडं. पेशंटबरोबर घरच्यांनी राहायची सोय. आवारात देवीचं मंदिर. नावही लोकांच्याच मनातलं, त्यांच्या देवीचं : माँ दंतेश्वरी दवाखाना.

आत उपचार मात्र विज्ञानाचेच, हे महत्त्वाचं. ऑपरेशन थिएटर आहे, लॅब आहे, मुंबईचे सर्जन इथे येऊन ऑपरेशनची शिबिरं घेतात. बदललं ते फक्त दार. असं दार, ज्यातून आत जायची भीती वाटू नये.

दवाखाना चालत घरी

पण काही पेशंट दारापर्यंत पोचूच शकत नाहीत. उदाहरणार्थ, दोन दिवसांचं बाळ. पावसाळ्यात नाल्याला पूर आलेला, रस्ता बंद. मग? मग दवाखान्यानंच चालत घरी जायचं!

‘सर्च’नं गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊबदार ठेवायचं, अंगावर पाजायला आईला मदत करायची, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर अँटिबायोटिक कसं द्यायचं, सगळं. ३९ गावांत हा प्रयोग झाला. सुरुवातीला तिथे जन्मणाऱ्या दर १ हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९७-९८ पर्यंत हा आकडा आला २५.५ वर. ज्या शेजारच्या गावांत हा प्रयोग नव्हता, तिथे तो जवळपास होता तिथेच राहिला. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ साली केंद्र सरकारनं ‘आशा’ सेविकांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेणारी योजना देशभर सुरू केली.

बंग दांपत्याला २००३ साली महाराष्ट्र भूषण आणि २०१८ साली पद्मश्री मिळाली. पण सगळ्यात मोठं सर्टिफिकेट कोणतं म्हणाल, तर हा ६२ वरून २५.५ वर आलेला आकडा!

मग चेकलिस्ट वाईट का?

अजिबात नाही. हात धुतले का, सुई नीट टाकली का, हे रोज तपासलं गेलं तर माणसं वाचतात. घोळ होतो तो चेकलिस्ट फक्त साहेबांसाठी भरली जाते तेव्हा. माझे आजोबा एकदा तालुक्याच्या एका दवाखान्यात अ‍ॅडमिट होते. एका सकाळी अचानक फरशी चकाचक, चादरी नव्या, भिंतीला ओला रंग. ‘तपासणी आहे’ म्हणून सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढलं. आजोबांना पाणी हवं होतं आणि द्यायला जवळ कोणी नव्हतं. त्या दिवशी दवाखाना पास झाला असेलही. आजोबांच्या परीक्षेत नापास!

आनंदाची गोष्ट ही, की सरकारी पेपरमध्येही आता पेशंटचे प्रश्न यायला लागलेत. बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ तिच्या विश्वासाचं माणूस असू द्या, असं २०१६ साली केंद्रानं सरकारी दवाखान्यांना सांगितलं. २०१७ च्या डिसेंबरात प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आला. त्यात आडोसा आहे का, बाईशी नीट बोललं जातं का, यालाही किंमत आहे. आपलं माणूस एकटं कसं सोडायचं, हा शोधग्रामातला प्रश्न अखेर दिल्लीच्या चेकलिस्टमध्ये पोचला म्हणायचा!

आपला फंडा काय?

• पुढच्या वीकएंडला गावी गेलात तर आजी-आजोबांना फक्त ‘गोळ्या घेतल्या का’ विचारू नका. दवाखान्यात कसं वागवलं, कळेल असं सांगितलं का, हेही विचारा.

• सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. त्यावर कोण आहे, विचारून घ्या. तक्रार असेल तर लिहून द्या. चांगलं वागवलं असेल तर तेही लिहा, तिथल्या नर्सबाईंना अप्रेझल कोण देतं?

• करिअरच्या ‘व्हॉट नेक्स्ट’वर अडकलात? ‘सर्च’नं २००६ साली तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून बाहेर पडलेल्या कितीतरी तरुण डॉक्टरांनी आडगावच्या सरकारी दवाखान्यांत काम केलंय.

आणि हो, सोमवारी ऑफिसात कुणी ‘कस्टमर फोकस’वर प्रेझेंटेशन सुरू केलं, तर त्या बैठ्या घरांच्या दवाखान्याची गोष्ट जरूर सांगा. स्लाइड एकच पुरे : बांधण्याआधी विचारलं होतं का?

बाकी, आज रात्री आजीला फोन कराच. स्टार राहू देत. ती पुन्हा त्या दवाखान्यात जाईल का, एवढंच विचारा.