धूळ नाही, तर ढग नाही!

‘स्वच्छ हवा, स्वच्छ आभाळ’ ही घोषणा शब्दशः खरी करायची ठरवली, तर पाऊस विसरावा लागेल. हवेतला प्रत्येक कण काढून टाकला, तर सापेक्ष आर्द्रता शंभराच्या पार जाऊन कित्येकशे टक्क्यांवर पोचेपर्यंत बाष्प थेंबाचं रूप घ्यायला तयार होत नाही. त्याला टेकायला पाट लागतो. मग तो समुद्राच्या मिठाचा असो, वाळवंटातल्या धुळीचा, नाहीतर चुलीच्या काजळीचा!

स्कॉटलंडच्या जॉन एटकन यांनी हे १८८०च्या सुमारास दाखवून दिलं. काचेची दोन भांडी घेतली. एकात खोलीतली साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळून घेतलेली. दोन्हींत वाफ सोडली. पहिल्या भांड्यात दाट पांढरं धुकं, दुसरं मात्र आरपार दिसेल असं नितळ. एवढाच प्रयोग, पण ढगांच्या शास्त्राचा पाया त्यावर उभा राहिला.

सावलीभोवतीचं नोबेल

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुक्यात आपल्या सावलीभोवती गोल रंगीत कडं दिसतं, ते इंद्रवज्र. सप्टेंबर १८९४मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर असंच कडं सी. टी. आर. विल्सन या तरुणानं पाहिलं आणि प्रयोगशाळेत ढग बनवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. धूळ काढून टाकलेल्या हवेतही विद्युतभारित कणांवर थेंब धरतात, हे त्याला आढळलं. त्यातूनच ‘क्लाउड चेंबर’ जन्मलं. त्यातून विद्युतभारित कण गेला, की त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटते. ढगांसाठी केलेलं यंत्र अणूंच्या दुनियेत कामाला आलं आणि १९२७चं नोबेल घेऊन आलं. पॉझिट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित जुळ्याचा, शोधही १९३२मध्ये अशाच चेंबरमधला!

दहा लाखांचा एक थेंब

ढगातला थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). असे सुमारे दहा लाख एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. आता गंमत पाहा. कण वाढले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, म्हणून थेंब बारीक होतात. बारीक थेंबांचा ढग जास्त पांढरा दिसतो आणि जास्त ऊन परतवून लावतो. शॉन टूमी यांनी १९७०च्या दशकात हे मांडलं. वर हे बारीक थेंब एकमेकांवर नीट आदळत नाहीत, त्यामुळे पाऊसही लांबतो.

पुरावा हवाय? साठच्या दशकातल्या उपग्रहचित्रांत समुद्रावरच्या ढगांत लांबच लांब पांढऱ्या रेघा दिसल्या. त्या खालून जाणाऱ्या जहाजांच्या धुरानं उमटवलेल्या होत्या! १ जानेवारी २०२०पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली आणि या रेघा झपाट्यानं विरळ झाल्या. फुप्फुसांसाठी उत्तमच, पण उन्हाला असलेला थोडा आडोसाही गेला. तापमानवाढीत याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांची अजून घासाघीस चालू आहे.

मॉडेलची पंचाईत

ही घासाघीस का, ते आकड्यांत दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) २०२१च्या अहवालानुसार १७५०पासून वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे दर चौरस मीटरला सुमारे २.१६ वॉट जादा ऊर्जा अडते. माणसानं हवेत सोडलेले कण त्यातले सुमारे १.१ वॉट परत करतात. पण हा १.१ खरा ०.४ असू शकतो किंवा १.७ही! सगळ्या हिशेबात एवढी मोठी फट दुसरीकडे कुठे नाही.

आणि मॉडेलनं तरी काय करावं? जागतिक हवामान मॉडेलचा एक चौकोन बहुधा शंभरेक किलोमीटरचा, आणि थेंबाचं भवितव्य ठरतं मायक्रॉनमध्ये. मधलं सगळं ठोकताळ्यांवर. २००७मध्ये जेफ्री कील यांनी मॉडेलांची एक चतुराई उघड केली. काही मॉडेलं कार्बनला जास्त तापत होती, काही कमी. तरी विसाव्या शतकाचं तापमान सगळ्यांचं बरोबर येत होतं. कारण जास्त तापणाऱ्या मॉडेलांत कणांचा गारवाही जास्त धरलेला होता! उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर, असं गणिताच्या बाईही मानत नाहीत.

परीक्षा घ्यायला निसर्ग मधूनमधून येतो. २०१४-१५मध्ये आइसलँडची होलुह्राउन ही ज्वालामुखी भेग सहा महिने गंधकाचा वायू ओकत राहिली. ढगांचे थेंब अपेक्षेप्रमाणे बारीक झाले, पण ढगातलं एकूण पाणी फारसं हललं नाही. पाणी खूप वाढेल असं म्हणणारी मॉडेलं नापास!

कण कामाला लावले

आपल्याकडचा प्रयोग सोलापूरचा, पर्जन्यछायेतला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं (आयआयटीएम) २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात विमानातून ढगांच्या तळाशी मिठासारखे, पाणी शोषणारे कण सोडले. नेहमीच्या बारीक कणांच्या गर्दीत हे मोठे कण लवकर मोठे थेंब धरतात. कण सोडलेल्या जागेच्या वाऱ्याखालच्या भागात पावसात सरासरी सुमारे १८ टक्के वाढ त्यांनी नोंदवली. मात्र ढग आधी हवा. निरभ्र आभाळाला विमान काय करणार? याच संस्थेची महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात ढग आपणहून दारात येतात, त्यामुळे विमानाचं भाडं वाचतं.

कणांचा हिशेब नीट लावायचा, तर ते वरून मोजायला हवेत. त्यात नासाला मात्र नशिबानं दगा दिला. कण मोजायला निघालेला ‘ग्लोरी’ उपग्रह मार्च २०११मध्ये रॉकेटच्या टोकाचं झाकण न निघाल्यानं समुद्रात गेला. ‘ग्लोरी’ हे इंद्रवज्राचंच इंग्रजी नाव. फेब्रुवारी २०२४मध्ये ‘पेस’ उपग्रह सुखरूप वर गेला, मेमध्ये युरोप-जपानचा ‘अर्थकेअर’ही गेला, आणि त्या १.१च्या आजूबाजूची फट बुजवण्याचं काम आता या दोघांकडे आहे.