वाचा व श्रवण विकारविषयक पदवी : पात्रता, अभ्यासक्रम आणि सालवड-बोईसर परिसराची गरज

प्रस्तावना

सालवड हे पालघर तालुक्यातील, बोईसर रेल्वे स्थानकाजवळचे आणि तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कडेला वसलेले गाव आहे. या परिसरात मूळचे आदिवासी व कोकणी रहिवासी आहेत. त्यांच्याबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आदी राज्यांतून कारखान्यांत कामासाठी आलेली कुटुंबेही येथे राहतात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ याच तालुक्याच्या ठिकाणी, पालघर येथे झाला. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. जन्मजात बहिरेपणा, श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब या बाबींचा या कार्यक्रमाच्या तपासणीत समावेश आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या मनुष्यबळातही श्रवण व वाचा तज्ज्ञाचे पद धरलेले आहे.

तपासणीतून दोषाचा संशय येतो. निश्चित निदान, श्रवणयंत्राची निवड आणि वर्षानुवर्षे चालणारे वाचोपचार यांसाठी मात्र प्रशिक्षित व्यक्तीची आवश्यकता असते. अशी व्यक्ती कोणत्या पदवीतून घडते, त्या पदवीसाठी काय लागते आणि आपल्या परिसरातील विद्यार्थ्याला ती वाट का सापडत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पदवीचे स्वरूप व नियमन

भारतात या विषयाची पदवी 'बॅचलर ऑफ ऑडिऑलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी', अर्थात बी.ए.एस.एल.पी. या नावाने ओळखली जाते. श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा विकारशास्त्र या दोन्ही शाखा पदवी स्तरावर एकत्र शिकविल्या जातात. पदव्युत्तर स्तरावर त्या स्वतंत्र होतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा असून तीन वर्षे अध्यापन व त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता अशी त्याची रचना आहे.

या अभ्यासक्रमाचे मानदंड भारतीय पुनर्वसन परिषद ठरविते. ही परिषद १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली, १९९२ मध्ये संसदेने तिच्यासाठी अधिनियम केला आणि १९९३ मध्ये तिला वैधानिक दर्जा प्राप्त झाला. पदवीनंतर केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नोंदविणे बंधनकारक आहे. नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून विद्यार्थ्याने संस्था निवडताना तिला विद्यापीठाची संलग्नता आहे की नाही एवढेच न पाहता परिषदेची मान्यता आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे.

प्रवेशाची पात्रता

परिषदेच्या मानदंडांनुसार बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांसोबत जीवशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मानसशास्त्र यांपैकी विषय असणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात नाशिक येथील आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्रवेश राज्याच्या सामाईक प्रक्रियेतून नीट परीक्षेच्या आधारे झाले आहेत, आणि नीट ही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांचीच परीक्षा आहे. त्यामुळे परिषदेचे दार काहीसे रुंद असले तरी राज्यातील विद्यार्थ्यासाठी ते व्यवहारात जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरतेच उघडते. गुणमर्यादा व प्रक्रियेचे तपशील बदलत असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणे इष्ट ठरते.

याचा अर्थ असा, की या पदवीचा निर्णय बारावीनंतर घेता येत नाही, तो दहावीनंतरच घ्यावा लागतो. अकरावीत कला शाखा निवडलेल्या विद्यार्थिनीला भाषाविज्ञान व मानसशास्त्र यांची कितीही आवड असली, तरी या पदवीचा मार्ग तिच्यासाठी बंद झालेला असतो आणि अनेकदा तसे तिला कोणी सांगितलेलेही नसते.

अभ्यासक्रमाची बहुविद्याशाखीयता

अभ्यासक्रमात वाचा व श्रवण यंत्रणेची शरीररचना व शरीरक्रिया, ध्वनिविज्ञान व भाषाविज्ञान, मानसशास्त्र, ध्वनिकी व इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र व संशोधनपद्धती यांचा अंतर्भाव असतो. त्यांच्या जोडीला उच्चारदोष, आवाजाचे विकार, तोतरेपणा, मेंदूला इजा झाल्याने होणारा वाचाघात, बालकांचे श्रवणमापन, श्रवणयंत्रे व कॉक्लिअर इम्प्लांट हे विषय येतात. विज्ञानाची अट का आहे, हे यावरून स्पष्ट होते. डेसिबल हे लघुगणकीय मापन आहे. ते न समजता ऑडिओग्राम वाचता येत नाही.

मात्र केवळ विज्ञान पुरेसे नाही. मराठीत 'चहा' आणि 'चाक' या शब्दांतील 'च' वेगवेगळे आहेत, हिंदीत हा भेद नाही. उत्तर कोकणातील अनेक बोलींत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' येतो. भोजपुरीभाषक मूल 'श'ऐवजी 'स' म्हणते. हे बोलींचे नियम आहेत, विकार नव्हेत. ज्याला ते ठाऊक नाहीत तो तज्ज्ञ निरोगी मुलाच्या बोलण्यात दोष पाहील. याउलट, खरा दोष बोलीभाषेचा परिणाम समजून सोडून दिला जाण्याचाही संभव असतो. घरात वारली, शाळेत प्रमाण मराठी आणि शेजारी हिंदी ऐकणाऱ्या मुलाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेत व्हावयास हवी. ही भाषा प्रवेशाच्या कोणत्याही अटीत लिहिलेली नाही. परंतु स्थानिक विद्यार्थ्याजवळ ती आधीपासूनच असते.

परिसराची गरज

श्रवणदोषाच्या संदर्भात काळाला मोठे महत्त्व आहे. जन्मानंतर एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचारास प्रारंभ, हे तत्त्व जगभर स्वीकारले गेले आहे. भाषा शिकण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. त्या काळात ध्वनी पोहोचला नाही, तर पुढे ती हानी भरून काढणे कठीण जाते. वाचोपचार एका भेटीत संपत नाहीत. रोजंदारीवर काम करणाऱ्या पालकाने मुलाला घेऊन दर आठवड्यास मुंबई गाठावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. अशा वेळी उपचार सुरू होऊनही मध्येच सुटण्याचा धोका राहतो.

दुसरी गरज प्रौढांची आहे. कारखान्यातील गोंगाटामुळे येणारे बहिरेपण कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचित रोग म्हणून नोंदलेले होते. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा कारखानेविषयक नियमांत आढळते. या हानीची पहिली खूण सामान्यतः ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसते. दैनंदिन संभाषण त्या वेळी ठीक चाललेले असल्याने कामगाराला स्वतःला काहीच जाणवत नाही. ते केवळ नियमित श्रवणमापनातूनच कळते.

उपलब्ध संस्था

मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. मुंबई सेंट्रल येथील नायर रुग्णालयाशी निगडित टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुण्यात भारती विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. देशपातळीवर म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून या क्षेत्रात अग्रेसर आहे. एप्रिल २०१३ पासून उपनगरी रेल्वेसेवा डहाणूपर्यंत पोहोचली असल्याने बोईसरच्या विद्यार्थ्यास मुंबईतील संस्था आवाक्याबाहेरच्या राहिलेल्या नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की या पदवीच्या अटी अवघड असण्यापेक्षा अज्ञात अधिक आहेत. त्या वेळेवर सांगणे आपल्या हाती आहे. कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी अकरावी प्रवेशाच्या वेळी आणि परिसरातील माध्यमिक शाळांतून दहावीच्या वर्गात या पदवीची माहिती द्यावी. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ध्वनिकी शिकविताना श्रवणमापनाचे उदाहरण घ्यावे. भाषा विभागांनी वारली, वाडवळी, मांगेली या बोलींतील उच्चारांच्या व बालभाषेच्या नोंदी कराव्यात. उद्याच्या वाचोपचार तज्ज्ञास त्या उपयोगी पडतील. सालवडच्या एखाद्या विद्यार्थिनीने ही पदवी घेऊन याच परिसरात काम सुरू केले, तर येथील मुलाला त्याच्या घरच्या भाषेत तपासणारी व्यक्ती लाभेल. त्यासाठी तिला ही वाट दहावीतच माहीत व्हावयास हवी.